हळवी मुले आणि गोष्टी

आवाज, उजेड, कपड्याची टोचणारी शिवण किंवा घरातल्या कुणाचा चढलेला सूर ज्या मुलाला इतरांपेक्षा खोलवर जाणवतो, ते हळवे मूल. हा आजार नव्हे, उपजत स्वभाव आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन ॲरन यांनी 1990च्या दशकात ‘अतिसंवेदनशील व्यक्ती’ ही संकल्पना मांडली. 2002 मध्ये मुलांविषयी वेगळे पुस्तक लिहिले. अशी माणसे 15 ते 20 टक्के असावीत, असा त्यांचा अंदाज. संवेदनशीलता सगळ्यांतच कमी-अधिक असते, असेही नंतरचे संशोधक म्हणतात. वाईट वातावरणात ही मुले लवकर कोमेजतात आणि चांगल्यात बहरतातही जास्त. घरात मात्र त्यांच्या वाट्याला ‘रडूबाई’ किंवा ‘भित्री भागूबाई’ हीच नावे येतात.

काऊचिऊची गोष्ट अशा मुलाला सांगून पाहावी. बाकीची मुले चिऊच्या ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’वर खिदळतात, हे मूल दाराबाहेर भिजणाऱ्या कावळ्यापाशी अडकते. शेवटी काऊ चुलीवर भाजतो, तेव्हा मुलाचे डोळे भरून येतात. ‘गोष्टच आहे ती’ म्हणून विषय मिटवला, तर कळवळा चुकीचा असतो एवढेच ते शिकते. त्यापेक्षा काऊला काय वाटले असेल, हे विचारावे. थंडी, लाज, राग की नुसता रुसवा? मराठीत धास्ती, हुरहुर, कानकोंडे होणे असे नेमके शब्द आहेत. ते पोरांपर्यंत पोचत नाहीत, एवढीच अडचण. 2007 मधल्या एका अभ्यासात प्रौढांनी चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांना प्रतिसाद देणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया मंदावलेली दिसली.

मूल रडत असताना गोष्ट सुरू करू नये. तेव्हा नुसते जवळ बसावे. गोष्ट नंतरची, नागपुरी उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत आडवे पडल्यावरची. पात्राला मुलाचे नाव देऊ नये, ते लगेच ओळखते आणि मिटते. तात्पर्य तर नकोच. आजीला ते सुचतेच, हा भाग वेगळा.

नागपुरात या मुलांची खरी परीक्षा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते. तेव्हा मारबतींची, म्हणजे इडापिडेच्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, असे सांगतात. ढोल, बडगे म्हणजे सोबतचे इतर पुतळे, खचाखच गर्दी आणि ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर, एखादे पोट्टे कानांवर हात ठेवून बापाच्या खांद्यात तोंड खुपसते. आधी काय येईल, मग काय येईल, हे आदल्या रात्री गोष्टीसारखे सांगून ठेवले की धास्ती बरीच उतरते. इडापिडेला देह देऊन शहराबाहेर न्यायचे, ही मारबतीची कल्पना भावनेच्या गोष्टीला जवळची वाटते, पण इथे ती पुरती लागू पडत नाही. मारबत जाळायची असते. मुलाची भीती किंवा राग जाळायचा नसतो. त्यासाठी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी बरा. घरोघरी मिळणारा बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करून झाल्यावरही तो घरातच राहतो. ‘आज नंदी गर्दीत घाबरला होता का?’ या प्रश्नाला मूल स्वतःबद्दलच्या प्रश्नापेक्षा लवकर उत्तर देते.

झोप, जेवण किंवा शाळा आठवडे न् आठवडे बिघडली असेल, तर गोष्टींनी भागत नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करूनही बोलता येते.