बीपी आणि किडनीच्या रक्तप्रवाहाचा अभ्यास: भाग कोणाला घेता येतो, कागदपत्रं कोणती लागतात?

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला जवळपास एक लिटर, दोन किडन्यांतून जातो. तो कमी पडला की किडनी रेनिन हे बीपी वाढवणारं रसायन सोडते आणि बीपी आणखी चढतं. हा प्रवाह डॉपलर (रक्ताचा वेग दाखवणारी) सोनोग्राफी किंवा एमआरआयने मोजायचे अभ्यास मेडिकल कॉलेजं आणि मोठी रुग्णालयं करतात. ‘आमच्या स्टडीत येता का?’ असं ओपीडीत कोणी विचारलं, तर लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. आधी माहितीपत्रक मागा.

ते मराठीत मिळायला हवं. घरी न्या, घरच्यांना दाखवा, फॅमिली डॉक्टरांना विचारा. त्यावर एथिक्स कमिटीच्या (सहभागींचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीच्या) मंजुरीचा उल्लेख आणि संपर्क क्रमांक आहे का, ते पाहा. सीटीआरआय या वैद्यकीय अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक असेल तर तो वेबसाइटवर कोणालाही तपासता येतो. औषधांच्या चाचण्यांना ही नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. नुसत्या निरीक्षणाचे अभ्यासही तिथे नोंदवले जातात.

पात्रतेच्या अटी अभ्यासागणिक बदलतात. साधारणपणे वय १८च्या पुढे आणि बीपी १४०/९०च्या वर किंवा गोळ्या चालू, एवढं पाहतात. गरोदर महिलांना बहुधा घेत नाहीत. एमआरआय असेल तर पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, सगळं सांगा. लेथवर किंवा वेल्डिंगचं काम केलेल्यांनी तर आवर्जून. बंद जागेची भीती वाटते हेही मोकळेपणाने सांगा. एमआरआयच्या एका पद्धतीत रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण करतात, इंजेक्शन लागत नाही. चित्र ठळक दिसावं म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देणार असतील तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून किडनीचं काम कळतं. जीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३०च्या खाली असेल तर ते शक्यतो टाळतात.

सोबत न्यायचं ते असं: ओळखपत्र, चालू गोळ्यांची चिठ्ठी, घरी मोजलेल्या बीपीची वही, क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचे (प्रोटीनचे) रिपोर्ट, जुन्या सोनोग्राफीची फाईल. प्रवासखर्च खात्यात जमा होणार असेल तर पासबुकाची प्रत. डॉपलरला बहुधा सहा-आठ तास उपाशी बोलावतात, कारण आतड्यातला गॅस आड आला की किडनीची धमनी नीट दिसत नाही. बीपीची गोळी मात्र स्वतःहून चुकवू नका. थांबवायची असेल तर तसं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

संमतीपत्रावरची सही सगळ्यात शेवटी. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते वाचून दाखवतात आणि मग अंगठा घेतात. एक प्रत तुमची, ती मागून घ्या. अभ्यासासाठीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून अडकून राहू नका.

एक प्रश्न फार थोडे लोक विचारतात. आपल्याकडे तरुण मुलींचं बीपी वाढण्यामागे कधी कधी ताकायासू हा रक्तवाहिन्यांचा आजार निघतो आणि तो अशा तपासणीतच पहिल्यांदा दिसू शकतो. धमनी अरुंद दिसली तर मला कोण सांगणार, किती दिवसांत, आणि पुढे कुठल्या ओपीडीत पाठवणार, हे सहीच्या आधी विचारा आणि आपल्या प्रतीवर लिहून घ्या.