न्यूरो-सिम्बॉलिक : एका जोडनावाची पार्श्वभूमी

उदाहरणांवरून शिकणारे न्यूरल नेटवर्क आणि चिन्हांवर चालणारे तर्काचे नियम यांची जोडणी म्हणजे न्यूरो-सिम्बॉलिक. ही मुळापासूनच दोन वेगळी घराणी, असा समज आहे. पण १९४३ साली चेतापेशींचे गणिती प्रारूप मांडणाऱ्या निबंधाच्या शीर्षकातच तर्कशास्त्र होते. फाटाफूट नंतरची. १९५८ मध्ये पर्सेप्ट्रॉन हा शिकू शकणाऱ्या नेटवर्कचा सुरुवातीचा नमुना आला, १९६९ च्या एका पुस्तकाने त्याच्या मर्यादा दाखवल्या आणि बराच काळ नियमवाल्यांची चलती राहिली. नेटवर्कने पुन्हा उचल खाल्ल्यावर, १९८८ मध्ये, एक आक्षेप आला: ‘राम श्यामला ओळखतो’ हे ज्याला कळते त्याला ‘श्याम रामला ओळखतो’ हेही कळायला हवे, नेटवर्कमध्ये त्याची हमी कुठे आहे? हा आक्षेप अजून जुना झालेला नाही.

नव्वदच्या दशकात आधी नियमांवरून नेटवर्क बांधायचे आणि मग उदाहरणांवर शिकवायचे, असे प्रयोग झाले. २००५ पासून या विषयाच्या कार्यशाळाही भरू लागल्या. २०१२ नंतर मात्र निव्वळ नेटवर्कच इतके चालले की तिकडे फारसे कोणी फिरकेना.

खरा गुंता नावाचा आहे. ‘सिम्बॉलिक’ला ‘प्रतीकात्मक’ म्हणावे तर मराठी वाचकाला जाळलेले पुतळे आठवतात, म्हणून इथे ‘चिन्हाधारित’ म्हणू. पण चिन्ह कशाला म्हणायचे? २०२० मधल्या एका व्याख्यानात या जोडणीचे सहा प्रकार सांगितले गेले. त्यातला पहिला इतका सैल, की शब्द आत आणि शब्द बाहेर एवढे असले तरी पुरे. या मापाने आजचा कुठलाही चॅटबॉट न्यूरो-सिम्बॉलिक ठरतो. दुसऱ्या प्रकारात २०१६ साली गो या पटावरच्या खेळात ४-१ ने जिंकलेला अल्फागो हा प्रोग्रॅम बसतो, कारण पुढच्या शक्य चालींच्या झाडात शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात नेटवर्क होते. तो जिंकला तेव्हा बहुतेकांनी त्याला डीप लर्निंगचेच, म्हणजे निव्वळ नेटवर्कचेच, यश म्हटले होते. यश आले की दोन्ही बाजू सातबाऱ्यावर आपले नाव चढवायला येतात.

निर्विवाद उदाहरण म्हणावे तर जानेवारी २०२४ चे अल्फाजॉमेट्री, म्हणजे भूमितीचे प्रश्न सोडवणारी प्रणाली. शाळेत प्रमेय सोडवताना पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे लिहायचो, ते आठवा. कुठली जादा रेषा किंवा बिंदू घ्यायचा, ती ‘रचना’ भाषा मॉडेल सुचवते. ‘सिद्धता’ नियमांचे इंजिन काढते. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतल्या भूमितीच्या ३० प्रश्नांपैकी २५ सुटले. आधीच्या सर्वोत्तम पद्धतीला १० जमले होते. त्याच वर्षी जुलैत त्याची सुधारित आवृत्ती आणि लीन या औपचारिक, म्हणजे यंत्राला तपासता येणाऱ्या, भाषेत सिद्धता लिहिणारी प्रणाली यांनी मिळून त्या वर्षीच्या ऑलिंपियाडचे सहापैकी चार प्रश्न सोडवले: २८ गुण, सुवर्णाला एक कमी. प्रश्न मात्र आधी माणसांनी औपचारिक भाषेत उतरवून दिले होते, आणि एकेका प्रश्नाला तीन दिवसांपर्यंत वेळ लागला. बातम्यांत हा तपशील तळाशी गेला.

वर्षभरातच, जुलै २०२५ च्या ऑलिंपियाडमध्ये, साध्या इंग्रजीत विचार करणाऱ्या मॉडेलांनी साडेचार तासांच्या मर्यादेतच ३५ गुण मिळवून सुवर्णपातळी गाठली. नियमांच्या इंजिनाची गरज संपली, असे लगेच बोलले गेले. ते घाईचे होते. लीनमधली सिद्धता यंत्र ओळ न् ओळ तपासते. २०२५ ची उत्तरे माणसांना बसून वाचावी लागली.