वस्तीविना गाव आणि एचआयव्ही प्रतिबंध : ग्रामीण विदर्भाची पार्श्वभूमी

भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा उघडकीस आला तो १९८६ मध्ये, तमिळनाडूतील देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या रक्तनमुन्यांतून. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या त्या शोधाचे वैद्यकीय मोल मोठे होते. पण ज्या बायकांना संसर्गाचा धोका सर्वांत अधिक होता, त्यांच्याकडेच रोग पसरवणाऱ्या म्हणून बोट दाखवले जाऊ लागले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. त्याच वर्षी कोलकात्यात सोनागाछी या देहविक्रयाच्या वस्तीत आणि आपल्याकडे सांगलीत 'संग्राम' संस्थेने वेगळ्या वाटेने काम सुरू केले. निरोध पोहोचवणारी आणि तपासणीला सोबत नेणारी बाई त्याच व्यवसायातील असेल तरच तिच्यावर विश्वास बसतो, हे या कामातून पुढे आले आणि नॅकोच्या लक्ष्यगट प्रकल्पांनी, ज्यांना सगळे 'टीआय' म्हणतात, ते स्वीकारले. साधारण साठ महिलांमागे एक पिअर, म्हणजे त्याच व्यवसायातील कार्यकर्ती, हा हिशेब त्यातूनच आला.

या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे साठ महिला चालत जाण्याच्या अंतरावर सापडतील. सोनागाछीत त्या सापडतात, नागपूरच्या गंगा-जमुना या वस्तीतही सापडत होत्या. यवतमाळ, चंद्रपूर किंवा वाशीम जिल्ह्याच्या खेड्यांत मात्र अशी वस्ती नसते. तेथे देहविक्रय करणारी बाई आपल्या घरात, मुलाबाळांत राहते, पावसाळ्यात निंदणाला आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला जाते, आणि हाताला काम नसते त्या दिवसांत, बहुधा आठवडी बाजाराचे निमित्त करून, तालुक्याच्या गावी जाऊन येते. तिचा हा व्यवसाय एखाद्या मैत्रिणीला किंवा फोनवरच्या मध्यस्थालाच ठाऊक असतो. हिंगणघाट-पांढरकवडा मार्गे हैदराबादेकडे जाणारा महामार्ग, वणी-घुग्घुस-बल्लारपूरचा कोळसापट्टा आणि कापूस विकला की हाती येणारा रोख पैसा, यांनी गिऱ्हाईक पुरवले. वस्ती मात्र उभी राहिली नाही. स्वतःला 'धंदेवाली' न म्हणणाऱ्या बाईचे नाव प्रकल्पाच्या यादीत येणार तरी कसे, हा प्रश्न इथल्या कार्यकर्त्यांना सुरुवातीपासून पडत आला आहे.

या भागात लैंगिक आजारांचा प्रश्न एचआयव्हीच्याही आधीपासून होता. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, तर पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के निघाल्या. या साध्या गृहिणी आणि शेतमजूर बाया होत्या, हे इथे विसरून चालणार नाही. जननेंद्रियावर जखम करणारे संसर्ग असले की एचआयव्हीला शरीरात शिरणे सोपे जाते, म्हणून गुप्तरोगाचा वेळेवर उपचार हाच प्रतिबंधाचा मोठा भाग ठरतो. पण पांढरे जाणे आणि ओटीपोट दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे मानणाऱ्या गावात त्यासाठी दवाखान्याची पायरी कोण चढणार?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्यात ग्रामीण भागासाठी लिंक वर्कर योजना आली. गावातच राहणारी, सगळ्यांच्या ओळखीची व्यक्ती जोखमीतील महिलांशी बोलेल आणि त्यांना ग्रामीण रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रापर्यंत पोहोचवेल, अशी ही मांडणी होती. माझ्या मते विदर्भाच्या दृष्टीने टीआयपेक्षा हीच योजना अधिक नेमकी होती. अडचण अशी की ओळखीच्या माणसासमोर नाव उघड होण्याची भीतीही जास्त असते. देशपातळीवरील निगराणी सर्वेक्षणात देहविक्रय करणाऱ्या महिलांमधील संसर्गाचे प्रमाण २०१०-११ मध्ये २.६७ टक्के आणि २०१७ मध्ये १.५६ टक्के आढळले. ही घट खरी आणि मोठी आहे. पण हे नमुने मुख्यतः प्रकल्पांशी जोडलेल्या महिलांचे असतात, आणि यादीबाहेरची बाई त्यात मोजली जात नाही.

उपचारांचा इतिहास प्रतिबंधाच्या कामाहून नंतरचा. १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे देण्याची सोय, सुरू झाली ती देशातील मोजक्या मोठ्या रुग्णालयांत. महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. पुढे केंद्रे विदर्भातही आली, तरी 'गोळ्या कधी सुरू करायच्या' याची रेषा रक्तातील सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या संख्येवर ठरत असे. आधी ही संख्या २०० च्या खाली उतरावी लागे, मग ३५० आणि नंतर ५०० झाली. याचा खेड्यातला अर्थ असा, की निदान झालेल्या बाईने मजुरी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून जिल्ह्याला जायचे आणि 'अजून गरज नाही, सहा महिन्यांनी या' हे ऐकून परतायचे. अशी दोनतीनदा परतलेली बाई पुन्हा आली नाही, तर त्यात तिचा दोष काढता येत नाही. सुरुवातीच्या गोळ्यांतील स्टॅव्हुडिन या औषधाने दीर्घ काळात गालफडे बसत आणि हातपाय काटकुळे होत. लपवलेला आजार चेहऱ्यावरच दिसू लागे.

२०११ मध्ये एचपीटीएन ०५२ या अभ्यासाने दाखवले की लवकर उपचार घेणाऱ्या व्यक्तीकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे उपचार हाच प्रतिबंध ठरला. भारताने २०१७ मध्ये सीडी-४ ची अट काढून टाकली. निदान होताच गोळ्या मिळू लागल्या, आणि डोल्युटेग्राविर असलेली रोजची एकच गोळी आल्यावर त्रासही कमी झाला. माझ्या मते या निर्णयाचा सर्वाधिक लाभ दूरच्या गावातल्या बाईला होणार होता, कारण तिच्या वाटेवरचा एक मोठा टप्पाच गळून पडला.

कायद्याची बाजू मात्र विस्कळीतच राहिली. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने प्रौढ स्त्रीचा देहविक्रय हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही; कुंटणखाना चालवणे किंवा सार्वजनिक जागी गिऱ्हाईक शोधणे हा ठरतो. तरी पर्समध्ये निरोध सापडला की तोच पुरावा होईल, या भीतीने बायका तो जवळ बाळगत नाहीत. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि या महिलांना सन्मानाने वागवावे, असे निर्देश दिले. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी आणि गोपनीयतेचा भंग यांना मनाई केली होती. दरम्यान ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी गंगा-जमुना सील केली. वस्ती उठली की त्या बायका भाड्याच्या खोल्यांत आणि आसपासच्या गावांत पांगतात, आणि ग्रामीण भागात पिअरला जी अडचण आधीपासून येत होती तीच शहरातही उभी राहते.

२०२२ मध्ये नॅकोने संसर्ग होण्यापूर्वी घ्यायच्या गोळीचे, प्रेपचे, मार्गदर्शन काढले. ही गोळी नियमित घ्यावी लागते आणि दर तीन महिन्यांनी तपासणी करावी लागते. घरात डबी कुठे ठेवायची आणि नवऱ्याने विचारले तर काय सांगायचे, हे मात्र त्या बाईलाच ठरवावे लागते.