गाडीतल्या स्टिरिओला कुठली सीडी चालते, आणि का

सीडी राइट करताना उघडणारी पर्यायांची खिडकी पाहून भलेभले गोंधळतात. ऑडिओ की डेटा? डिस्क बंद करायची की उघडी ठेवायची? यातला एकही पर्याय उगाच आलेला नाही. प्रत्येकामागे एकेक काळ आहे, आणि गाडीतला स्टिरिओ ज्या साली बनला त्यानंतरचं त्याला सहसा काही कळत नाही.

सुरुवात १९८० च्या ‘रेड बुक’पासून. फिलिप्स आणि सोनीच्या या नियमावलीत फाइल, फोल्डर वगैरे भानगडच नव्हती. सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापं म्हणजे नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल, आणि चकतीच्या आतल्या कडेला गाण्यांची अनुक्रमणिका. बस. ४४,१०० हा आकडा आला व्हिडिओ टेपवरून. तेव्हा डिजिटल ध्वनी त्याच टेपवर साठवत, आणि २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड (अर्धी चित्रं), ओळीत ३ नमुने असा गुणाकार बरोबर तेवढा येतो. १९८२ मध्ये सीडी प्लेअर जपानच्या बाजारात आले, १९८४ मध्ये पायोनिअर आणि सोनीने ते गाडीत बसवले. या पिढीला रेड बुकपलीकडे काही ठाऊक नव्हतं. म्हणून जुन्या स्टिरिओसाठी ‘ऑडिओ सीडी’ हाच पर्याय. मूळ फाइल एमपी३ (आकार दाबून लहान केलेलं गाणं) असली तरी प्रोग्रॅम ती उलगडून रेड बुकच्या साच्यात बसवतो. गाणी मात्र ८० मिनिटांचीच मावतात.

खरी गुंतागुंत १९९० च्या ‘ऑरेंज बुक’ने, म्हणजे घरी लिहिता येणाऱ्या सीडींच्या नियमावलीने आणली. कारखान्यात छापलेल्या सीडीवर अनुक्रमणिका पहिल्यापासून पक्की असते. सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी कोरी सीडी) मात्र हप्त्याहप्त्याने लिहिता येते, आणि डिस्क बंद (फायनलाइज) करेपर्यंत तिची अनुक्रमणिका तात्पुरत्या जागेत राहते. ती जागा रायटरला वाचता येते, साध्या प्लेअरला नाही. ‘कॉम्प्युटरवर वाजते, गाडीत वाजत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. मल्टिसेशनचंही, म्हणजे एकाच सीडीवर अनेक हप्ते (सेशन) लिहिण्याचंही तसंच, जुना प्लेअर पहिलं सेशन वाचून थांबतो.

‘ट्रॅक-ॲट-वन्स’ निवडलं की लेझर दर गाण्यानंतर थांबतो आणि मध्ये साधारण दोन सेकंदांची शांतता पडते. चित्रपटगीतांना चालून जातं. पण विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असलेल्या मैफलीत ऐन रंगात ते दोन सेकंद फार खुपतात. तिथे सगळी चकती न थांबता एकदम लिहिणारं ‘डिस्क-ॲट-वन्स’च हवं.

पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू स्वस्तातली सोय वाटते खरी, पण छापील सीडी सुमारे ७० टक्के प्रकाश परतवते, तर ही १५ ते २५ टक्केच. जुन्या स्टिरिओला ती दिसतच नाही म्हणा ना.

मग एमपी३ आलं. १२८ केबीपीएसने ७०० एमबीच्या चकतीवर बारा तासांची गाणी बसू लागली आणि आपल्याकडे रस्तोरस्ती शंभर-दीडशे गाण्यांच्या सीडी विकायला आल्या. ही ‘डेटा सीडी’. तिला १९८८ ची आयएसओ ९६६० ही फाइलपद्धत (चकतीवर फाइली मांडण्याची रीत) लागते. तिच्या पहिल्या पातळीत नाव फक्त आठ अक्षरांचं, तेही रोमन. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘जोलिएट’ आणून ६४ अक्षरांची सोय केली. त्यात देवनागरीही बसते, पण स्टिरिओच्या पडद्यावर बहुधा चौकोनच उमटतात. तेव्हा 01, 02 असे आकडे लावून रोमन नावं द्यावीत हे उत्तम.

२००७ च्या विंडोज व्हिस्टाने घोळ वाढवला. फाइली ओढून टाकल्या की ते मुकाट्याने यूडीएफ या वेगळ्या फाइलपद्धतीची डिस्क बनवायचं, आणि गाडीतल्या कित्येक स्टिरिओंना ती वाचताच येत नसे. विंडोज ७ मध्ये हा प्रश्न सरळ विचारला जाऊ लागला: पेनड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेअरमध्ये? गाडीसाठी दुसरा पर्याय.

लिहिण्याच्या वेगाबद्दल ‘जितका कमी तितका बरा’ असं सांगितलं जातं. एकेकाळी ते खरं होतं. ५२एक्सच्या (५२ पट वेगाने लिहिता येणाऱ्या) चकत्यांचा, लेझर ज्यावर लिहितो तो रंगथर मात्र जलद लेखनासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे मधला वेग धरावा.

चकतीवर कागदी लेबल नको. उन्हात तापलेल्या गाडीत ते सुटतं आणि खाचेत अडकतं.

आता बहुतेक जण पेनड्राइव्ह लावतात, पण भानगड तीच. स्टिरिओला १९९६ ची एफएटी३२ ही फाइलपद्धत हवी असते, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीहून मोठ्या पेनड्राइव्हसाठी वर्षानुवर्षं ती निवडायचा पर्यायच दिसत नाही.