तुरटी फिरवली म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

दर पावसाळ्यात फिरणारा मेसेज: 'पूर ओसरला की विहिरीच्या पाण्यात तुरटी फिरवा, नितळ झालं की बिनधास्त प्या.'

यातलं अर्धं खरं आहे. गढूळ पाण्याच्या गुंडात तुरटी फिरवली की मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. फरक डोळ्यांना दिसतो, म्हणून विश्वास बसणं साहजिकच. गाळासोबत काही जंतूही खाली जातात, पण सगळे नाही. वर्धा किंवा वैनगंगेचा पूर गावात शिरतो तेव्हा संडास, उकिरडा, गोठा धुऊन सगळं विहिरीत आणतो. हगवणीचे, काविळीचे जंतू नितळ पाण्यातही राहतात. ऐन निंदणात घरातली दोन माणसं झोपली की वावर तणात जातं अन् मजुरीही बुडते.

तुरटी फिरवा, मग पाणी गाळून खळखळ उकळा. नाहीतर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. (आधी गाळ बसवायचा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतं.)

खात्री करायची? ओटी टेस्टमध्ये (पाण्यात ऑर्थोटोलिडिन या औषधाचे थेंब टाकून क्लोरीन तपासतात ती) पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. जंतू तपासायची एचटूएस बाटलीही मिळते. तुरटीचं नितळ पाणी तिच्यात भरून एक-दोन दिवस ठेवा. काळं पडलं, तर ते पिऊ नका.