पार्श्वभूमी : व्हेरोनाने १९८४-८५ची इटालियन लीग कशी जिंकली

इटलीत १९२९ साली सगळ्या देशाची मिळून एकच साखळी स्पर्धा सुरू झाली. तीच आजची सेरी ए. तेव्हापासून ती जिंकणारे क्लब तूरिन, मिलान, रोम, नेपल्स, फ्लॉरेन्स, बोलोन्या, जेनोवा आणि काल्यारी या शहरांतले आहेत. ही सगळी आपापल्या प्रांतांच्या राजधानीची शहरं. अपवाद फक्त १९८५चा. त्या वर्षी विजेतेपद हेलास व्हेरोनाकडे गेलं. व्हेनेतो प्रांताची राजधानी व्हेनिस. व्हेरोना हे त्याच प्रांतातलं अडीच लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. पर्यटकांना ते रोमन काळातल्या अरेनासाठी आणि रोमिओ-ज्युलिएटसाठी ठाऊक. फुटबॉलमध्ये त्याचं नाव फार मोठं नव्हतं.

त्या मोसमात सामन्यांचे पंच चिठ्ठ्या टाकून ठरले. ही हकिकत सांगताना बरेच जण पंचांच्या या सोडतीपासून सुरुवात करतात, आणि तिथेच थांबतात. त्या एका मुद्द्याखाली बाकी सगळं गाडलं जातं याचं मला वाईट वाटतं. सोडतीकडे येऊच, पण आधी त्या काळची इटली बघायला हवी.

१९६६च्या वर्ल्ड कपमध्ये मिडल्सब्रोच्या मैदानावर उत्तर कोरियाने इटलीला १-० असं हरवलं आणि इटालियन संघ पहिल्याच फेरीत घरी परतला. देशभर संताप उसळला. परदेशी खेळाडूंमुळे आपली पोरं मागे पडतात असा निष्कर्ष काढून फेडरेशनने नव्या परदेशी खेळाडूंना दारं बंद केली. ती १९८० पर्यंत बंदच राहिली. १९८० मध्ये प्रत्येक क्लबला एक परदेशी खेळाडू घ्यायची मुभा मिळाली, १९८२ मध्ये दोन.

त्याच १९८० साली सट्टेबाजीचं प्रकरण फुटलं. रोममधल्या दोन व्यापाऱ्यांनी तक्रार केली, मार्चमधल्या एका रविवारी पोलिसांनी थेट स्टेडियममधून खेळाडूंना उचललं. मिलान आणि लाझिओ या दोन क्लबांना दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं, अनेक खेळाडूंवर बंदी आली. त्यातलाच पावलो रॉसी शिक्षा भोगून परतला आणि १९८२ मध्ये स्पेनमध्ये त्याने इटलीला वर्ल्ड कप जिंकून दिला. म्हणजे दोन वर्षांत इटालियन फुटबॉलने तळही पाहिला आणि शिखरही. लोकांचं प्रेम परत आलं, क्लबांकडे पैसा आला, पण पंच आणि निकाल यांच्याबद्दलचा संशय काही गेला नाही.

त्या पैशातून कोण कोण आलं ते बघा. युव्हेंटसकडे प्लातिनी आणि बोनिएक. रोमाकडे फाल्काव आणि सेरेझो, उदिनेसेकडे झिको, तोरिनोकडे ज्युनियर, सॅम्पडोरियाकडे सूनेस आणि ट्रेव्हर फ्रान्सिस. १९८४च्या उन्हाळ्यात इंटरने रुमेनिगेला आणलं, फिओरेन्तिनाने सॉक्रेटिसला. आणि ५ जुलै १९८४ला नेपल्सच्या सान पावलो स्टेडियममध्ये हजारो लोक फक्त एका माणसाला बघायला जमले. नापोली क्लबने बार्सिलोनाकडून विक्रमी रकमेला घेतलेला दिएगो मॅराडोना. जगातले इतके मोठे खेळाडू एकाच लीगमध्ये त्याआधी क्वचितच जमले असतील. दर रविवारी दुपारी आठही सामने एकाच वेळी सुरू व्हायचे आणि अख्खा देश रेडिओला कान लावून बसायचा.

या गर्दीत व्हेरोनाने घेतलेल्या दोन परदेशी खेळाडूंवर कुणी फारसं बोललं नाही. एक होता कायझर्सलाउटर्नचा हान्स-पीटर ब्रीगेल, मूळचा अॅथलीट, धिप्पाड जर्मन, मोजे घोट्यापर्यंत उतरवून खेळणारा. दुसरा डेन्मार्कचा प्रेबेन एल्केर, बेल्जियममधल्या लोकेरेन या छोट्या क्लबमधून आलेला स्ट्रायकर.

पण संघ त्याच्या आधीच उभा राहिला होता, आणि तो उभा करणारा माणूस होता ओस्वाल्दो बान्योली. मिलानच्या बोविझा या कामगार वस्तीत १९३५ साली जन्मलेला, कमी बोलणारा, पोशाखी भाषणांचं वावडं असलेला. खेळाडू म्हणून त्याने मिलानबरोबर लीग जिंकली होती आणि पुढे काही काळ व्हेरोनाकडूनही खेळला होता. चेझेनाला त्याने सेरी एमध्ये वर आणलं, आणि १९८१ मध्ये तो व्हेरोनात आला तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. पहिल्याच वर्षी तो वर गेला. १९८२-८३ मध्ये सेरी एमध्ये चौथा, पुढच्या वर्षी सहावा. या दोन्ही वर्षी संघ इटालियन कपच्या अंतिम फेरीत पोचला आणि दोन्ही वेळा हरला. १९८३चा पराभव फार बोचरा होता: घरच्या मैदानावर युव्हेंटसला २-० हरवलं आणि परतीच्या लढतीत तूरिनमध्ये जादा वेळेत ३-० असा मार खाल्ला.

बान्योली आणि क्लबचा क्रीडा संचालक एमिलियानो माशेत्ती यांनी जमवलेली माणसं बघितली की त्यांची नजर कळते. पिएरिनो फाना युव्हेंटसमध्ये होता, पण तिथे त्याचा खेळ कधी पूर्ण फुलला नाही. व्हेरोनात उजव्या बगलेवर तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक झाला. उंचीने लहानखुरा ज्युसेप्पे गाल्देरिसीही युव्हेंटसमधूनच आला. फिओरेन्तिनातून आलेला अंतोनियो दी जेन्नारो मध्यभागी बसून सगळ्यांना पास पुरवायचा. कॅप्टन रोबेर्तो त्रिचेला बचावफळीच्या मागे लिबेरो, म्हणजे मोकळा बचावपटू म्हणून उभा राहायचा आणि तिथूनच हल्ले सुरू करायचा. दोमेनिको वोल्पातीने वैद्यकीय शिक्षण घेतलेलं. फुटबॉलनंतर तो दातांचा डॉक्टर झाला. आणि गोलकीपर क्लाउदिओ गारेला! लाझिओमध्ये असताना त्याच्या चुकांची इतकी टिंगल झाली की ढिसाळ गोलकीपिंगला त्याच्याच नावावरून शब्द पडला. तोच गारेला व्हेरोनात पायांनी, गुडघ्यांनी, जे अंग चेंडूच्या वाटेत येईल त्याने गोल वाचवायला लागला. शैली कुठल्याच शिकवणीत बसणारी नव्हती, पण चेंडू आत जात नव्हता. बान्योलीने त्याला बदलायचा प्रयत्न केला नाही, आणि माझ्या मते यातच या प्रशिक्षकाचं मोठेपण आहे. माणूस जसा आहे तसा ठेवून त्याच्यासाठी जागा शोधायची, ही त्याची रीत.

१६ सप्टेंबर १९८४, पहिला रविवार. बेंतेगोदी स्टेडियममध्ये नापोली पाहुणा, आणि मॅराडोनाचा सेरी एमधला पहिला सामना. बान्योलीने मॅराडोनाच्या मागे ब्रीगेलला लावलं. ब्रीगेलने त्याला नव्वद मिनिटं मोकळा श्वास घेऊ दिला नाही, वर एक गोलही केला. गाल्देरिसी आणि दी जेन्नारोचे आणखी दोन. व्हेरोना ३, नापोली १. दुसऱ्या दिवशीचे मथळे अर्थातच मॅराडोनाबद्दल होते.

महिन्याभराने, १४ ऑक्टोबरला, गतविजेता युव्हेंटस आला. गाल्देरिसीने आपल्या जुन्या क्लबविरुद्ध गोल करून आघाडी दिली होती. मग एल्केर डाव्या बाजूने चेंडू घेऊन सुटला. युव्हेंटसचा बचावपटू स्तेफानो पिओली त्याच्यावर घसरत आला आणि त्या झटापटीत एल्केरच्या उजव्या पायातला बूट निघून गवतावर राहिला. तो थांबला नाही. पेनल्टी क्षेत्रात शिरला, आत वळला आणि नुसता मोजा असलेल्या उजव्या पायाने चेंडू जाळ्यात मारला. २-०. त्या दिवसापासून गावाने त्याला सिंड्रेला हे नाव दिलं. (हाच पिओली पुढे प्रशिक्षक झाला आणि २०२२ मध्ये त्याने मिलानला विजेतेपद मिळवून दिलं.)

असा गोल पाहिला की नशिबाची गोष्ट निघणं साहजिक आहे. पण व्हेरोनाचा रोजचा खेळ फार शिस्तीचा होता. मागे दोघे प्रतिस्पर्ध्याच्या स्ट्रायकरांना माणूस धरून खेळायचे, त्रिचेला मोकळा, डावा बचावपटू लुचानो मारांगोन वर धावायला मुखत्यार. चेंडू हाती आला की तीन-चार पासमध्ये तो फाना किंवा एल्केरपर्यंत पोचलेला असायचा. ब्रीगेलने मिडफिल्डमधून नऊ गोल केले. त्याच्या आधीच्या कारकिर्दीत तो बहुतेक काळ बचावात खेळला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे बान्योलीने त्याच्यात काय हेरलं ते समजतं. गाल्देरिसीचे अकरा गोल, एल्केरचे आठ. लीगमध्ये सर्वाधिक १८ गोल प्लातिनीचे होते. व्हेरोनाकडे तसा एकटा गोल करणारा नव्हताच.

जानेवारी १९८५ मध्ये उत्तर इटली बर्फाखाली गाडली गेली होती. त्याच सुमारास पहिल्या टप्प्याच्या अखेरीस आवेल्लिनोत संघाला मोसमातला पहिला पराभव पत्करावा लागला. इंटर आणि तोरिनो जवळ आले, आणि आता हे गडी दमणार असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. या बोलण्याला उत्तर मिळालं ते फेब्रुवारीत, उदिनेमध्ये. व्हेरोनाने बघता बघता ३-० अशी आघाडी घेतली, उदिनेसेने ती पुसून ३-३ केलं. अशा वेळी छोटे संघ कोसळतात. व्हेरोनाने आणखी दोन गोल ठोकले आणि ५-३ असा सामना काढला. संपूर्ण मोसमातला माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा सामना हाच, बुटाशिवायच्या गोलापेक्षाही. कपच्या दोन फायनल हरलेल्या संघाला दबावाखाली काय करायचं ते आता कळलं होतं, आणि ते या दिवशी दिसलं. पुढे घरच्या मैदानावर तोरिनोकडून एक हार झाली तेवढीच.

१२ मे १९८५. एक सामना शिल्लक असताना बेर्गामोत अटलांटाविरुद्ध एक गुण पुरेसा होता. अटलांटाने आधी गोल केला. एल्केरने बरोबरी साधली. १-१, आणि व्हेरोना चॅम्पियन. पुढच्या रविवारी बेंतेगोदीवर आवेल्लिनोला ४-२ हरवून मोसम संपला. तेव्हा विजयाला दोनच गुण असायचे. ३० सामन्यांत १५ विजय, १३ बरोबरी, २ पराभव, ४३ गुण. ४२ गोल केले, १९ खाल्ले. तोरिनो ३९ गुणांवर दुसरा, इंटर ३८वर, सॅम्पडोरिया ३७वर. मॅराडोना, झिको, सॉक्रेटिस, फाल्काव या कुणाचाही क्लब पहिल्या चारांत नव्हता, आणि कोवळ्या मायकेल लाउड्रुपचा लाझिओ तर खाली घसरला.

आता ती सोडत. एरवी कुठल्या सामन्याला कुठला पंच जाणार हे नेमणूक करणारा अधिकारी ठरवायचा. मोठ्या क्लबांना सोयीचे पंच मिळतात ही तक्रार जुनीच होती आणि १९८०च्या प्रकरणानंतर ती आणखी वाढली. म्हणून १९८४-८५ मध्ये पंचांची नावं सरसकट चिठ्ठ्या टाकून काढली गेली. त्याच वर्षी व्हेरोना जिंकला. पुढच्या वर्षी नेमणुकीची जुनी पद्धत परत आली, युव्हेंटस जिंकला आणि व्हेरोना दहावा आला. २००६ मध्ये पंचांच्या नेमणुकीवरून मोठा घोटाळा उघड झाला तेव्हा तर १९८५ची आठवण सगळ्यांनी पुन्हा काढली.

सोडतीने मैदान सपाट केलं असेल हे मी नाकारत नाही. छोट्या क्लबला मोठ्यांविरुद्ध शिटी तरी सरळ वाजेल एवढा भरवसा मिळणं हीसुद्धा मोठी गोष्ट होती. पण सोडत सोळाही क्लबांसाठी होती. व्हेरोना तिच्या आधी चौथा आणि सहावा आला होता, कपच्या दोन फायनल खेळला होता. आणि १९८६-८७ मध्ये, सोडत नसताना, पुन्हा चौथा आला. दहाव्या क्रमांकाचं साधं कारण असं, की विजेतेपदानंतर लगेच फाना आणि मारांगोन इंटरला गेले, गारेला नापोलीला. छोट्या क्लबचा संघ जिंकला की मोठे क्लब त्याचे खेळाडू उचलतात, हे तेव्हाही तसंच होतं.

आनंद फार टिकू शकला नाही, त्याला आणखी एक कारण आहे. मोसम संपून दहा दिवस झाले होते तेव्हा, २९ मे १९८५ला, ब्रसेल्समधल्या हेझेल स्टेडियमवर युव्हेंटस-लिव्हरपूल युरोपियन कप फायनलआधी ३९ जण मेले. त्यातले बहुतेक इटालियन होते. पुढच्या वर्षी व्हेरोना त्याच युरोपियन कपमध्ये उतरला. ग्रीसच्या पाओकला हरवल्यावर दुसऱ्या फेरीत गाठ पडली ती युव्हेंटसशीच. घरी ०-०. तूरिनची परतीची लढत हेझेलच्या शिक्षेमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये झाली आणि व्हेरोना २-० असा हरला. त्या दिवशीच्या पंचगिरीबद्दल व्हेरोनाची माणसं अजूनही कडवटपणे बोलतात.

१९८६चा मेक्सिकोतला वर्ल्ड कप दूरदर्शनवर पाहिलेल्यांनी या संघातले काही चेहरे पाहिलेले आहेत, नावं लक्षात राहिली नसतील इतकंच. इटलीच्या संघात दी जेन्नारो आणि गाल्देरिसी होते. डेन्मार्कने उरुग्वेचा ६-१ असा धुव्वा उडवला त्यात एल्केरची हॅट्‌ट्रिक होती. आणि फायनलमध्ये बुरुचागा विजयी गोलसाठी धावत सुटला तेव्हा त्याच्या मागे पळणारा, पण पोचू न शकलेला जर्मन म्हणजे ब्रीगेल. बुरुचागाला तो पास दिला होता मॅराडोनाने.

नंतर ब्रीगेल सॅम्पडोरियाला गेला, त्रिचेला युव्हेंटसला, एल्केर १९८८ मध्ये मायदेशी. कर्ज वाढत गेलं. बान्योली मात्र शेवटपर्यंत राहिला. १९९० मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हाच त्याने व्हेरोना सोडलं, आणि पुढल्याच वर्षी जेनोआला सेरी एमध्ये चौथ्या क्रमांकावर नेऊन ठेवलं. व्हेरोना क्लबचं १९९१ मध्ये दिवाळं निघालं. त्याच वर्षी सॅम्पडोरिया चॅम्पियन झाला. त्यानंतरचं एकही विजेतेपद मिलान, तूरिन, रोम आणि नेपल्स या चार शहरांच्या बाहेर गेलेलं नाही.