पिंग होतंय, मग फोल्डर का उघडत नाही?

दिवाळीत सांगलीला मामाकडे गेलो तर त्याने चहा व्हायच्या आतच मला मागच्या खोलीत नेलं. तिथे त्याचा विंडोज एक्सपीवाला जुना कॉम्प्युटर आहे आणि डीटीपीचं सगळं काम अजून त्याच्यावरच चालतं, कारण मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय ते चालतच नाही तो छोटा डबा, जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागतो आणि नव्या मशीनला ते पोर्टच नाही. नवीन विंडोज ११ पुढच्या खोलीत. पत्रिकेची पीडीएफ जुन्यावर बनवायची, नव्यावरून गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवायची, एवढंच काम, पण नव्यावरून जुन्याचं शेअर केलेलं फोल्डर काही केल्या उघडेना. "अरे वायर बदलली, राउटर बदलला, एक पोरगा येऊन फॉरमॅट मारून गेला, आता तूच बघ." शेजारच्या काकांनी तर अमावास्येला मशीन घरात आणलं म्हणून असं होतंय असंही सांगून ठेवलं होतं. कॉम्प्युटरला तिथी कळत नाही हो. अशा बोलण्याने खरं कारण शोधायचं राहून जातं आणि माणूस उगाच खर्चात पडतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी पहिल्यांदा नव्यावरून जुन्याला पिंग केलं. लगेच उत्तर आलं. म्हणजे वायर ठीक, राउटर ठीक. पण पिंग म्हणजे नुसती हाक आणि तिला "ओ". फोल्डर उघडायला दोघांना बोलावं लागतं आणि त्यासाठी दोघांची बोली एक असावी लागते. हे मी उपमा म्हणून सांगत नाहीये, फाइल शेअरिंगच्या एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे बोलण्याच्या ठरलेल्या नियमांत, हा शब्दच डायलेक्ट, म्हणजे बोली, असा आहे, आणि मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग.

एक्सपी दुसऱ्या मशीनकडे जातो तेव्हा आधी आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पुढे ठेवतो. नेटवर्कवरचं बोलणं दाखवणारं वायरशार्क नावाचं सॉफ्टवेअर लावून बघितलं तर ती यादी सरळ वाचता येते: पीसी नेटवर्क प्रोग्रॅम १.०, लॅनमॅन १.०, विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.१ए, एलएम १.२एक्स००२, लॅनमॅन २.१ आणि शेवटी एनटी एलएम ०.१२. समोरचा त्यातली सगळ्यात नवी, स्वतःला कळणारी बोली निवडतो आणि फक्त तिचा नंबर परत पाठवतो. मोजणी शून्यापासून, म्हणून दोन एक्सपी बोलत असतील तर उत्तर येतं ५. बास, ठरलं, पुढचं सगळं त्या बोलीत. यादीत काहीच कळत नसेल तर ६५,५३५ पाठवायचा, म्हणजे "यातलं मला काही येत नाही".

आता गंमत बघा. या जुन्या घराण्याच्या, म्हणजे एसएमबी १ च्या, प्रत्येक निरोपाचा पहिला बाइट २५५ असतो आणि त्याच्यामागे एस, एम, बी ही अक्षरं. विंडोज व्हिस्टापासून एसएमबी २ आलं, ते नव्याने लिहिलेलं होतं, आधीच्या शंभराहून जास्त आज्ञांच्या जागी फक्त १९, आणि त्याचा पहिला बाइट २५४. मामाचं विंडोज ११ सुरुवातच २५४ ने करतं, एक्सपीला २५५ शिवाय काही माहीत नाही, तो कनेक्शन तोडून टाकतो. उलट बाजूने एक्सपी सहा बोलींची यादी घेऊन गेला तर नव्या मशीनवर त्यातली एकही बोली बोलणारा भागच बसवलेला नाही. एका आकड्याचा फरक, पण तिथेच बोलणं संपतं. बिघाड कशातच नाही, दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत.

विंडोज ७ ची गोष्ट वेगळी, त्याला एसएमबी २.१ येतं, त्यामुळे ७ आणि ११ मध्ये बोली जुळते. तिथे बहुतेक वेळा पासवर्डवर अडतं, कारण नवीन विंडोज बिनपासवर्डच्या पाहुण्याला सहसा आत घेत नाही. खात्याला पासवर्ड द्या. आणि नेटवर्कच्या खिडकीत मशीन दिसत नसेल तर घाबरू नका, दिसणं आणि उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा मारून थेट आयपी पत्ता टाका.

यूट्यूबवर मात्र सरसकट सांगतात की एसएमबी १ चालू करा, फायरवॉल बंद करा, दोन मिनिटांत काम होतं. होतं हे खरं आहे. पण मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ बंद का केलं ते कोणी सांगत नाही. ओएस/२ नावाच्या जुन्या सिस्टिमशी जुळावं म्हणून एसएमबी १ मध्ये एक भाषांतर करणारा तुकडा होता, तो फाइलच्या माहितीची यादी जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत बदलायचा. यादीची लांबी ३२ बिटांत लिहिलेली, पण दुरुस्त करताना हा तुकडा खालचे १६ बिटच लिहायचा, वरचे तसेच राहायचे. म्हणजे लांबी ६५,५३६ सांगितली आणि खरी ६५,३७३ निघाली, तर ती कमी व्हायच्या ऐवजी ६५,५३६ अधिक ६५,३७३, म्हणजे १,३०,९०९ व्हायची. जागा छोट्या यादीची घेतलेली, ओतायचं मोठ्या यादीएवढं, सांडलेला माल थेट विंडोजच्या गाभ्यात, आणि त्या मालात हल्लेखोर आपला प्रोग्रॅम घालायचा. पासवर्डची गरजच नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा मे २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस याच भोकातून पसरला, आणि जूनमधल्या नॉटपेट्या व्हायरसनेही दुसऱ्या युक्त्यांबरोबर हे भोक वापरलं, त्यात आपल्या न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल बंद पडलं होतं. हे भोक बुजवणारा पॅच मार्च २०१७ मध्येच आला होता, पण मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी विंडोज १० मध्ये नव्याने टाकताना एसएमबी १ जवळजवळ काढूनच टाकलं, आणि मला ते पटतं.

म्हणून मामाकडे मी ते चालू केलं नाही. नव्या मशीनवर छोटा एफटीपी सर्व्हर टाकला (एफटीपी ही फाइली पाठवायची दुसरी जुनी पद्धत), एकच फोल्डर दिलं, त्याला पासवर्ड लावला आणि फायरवॉलमधून फक्त एक्सपीच्या पत्त्याला वाट दिली. एक्सपीच्या एक्सप्लोररला एफटीपी आधीपासून येतं, पत्ता टाकला की साध्या फोल्डरसारखं उघडतं, फाइल ओढून सोडायची. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, त्यामुळे हे घरातल्या घरातच ठेवायचं. एक्सपीला हाताने आयपी दिला आणि डिफॉल्ट गेटवेची, म्हणजे बाहेर जायच्या दाराच्या पत्त्याची, जागा रिकामी सोडली, त्यामुळे त्याला घरातलं मशीन सापडतं पण इंटरनेटवर जायची वाट सापडत नाही. दुपारी मामाने तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताची पत्रिका पीडीएफ करून इकडे ओढली आणि पुढच्या खोलीत जाऊन उघडून बघितली, जोडाक्षरं सगळी जागच्या जागी होती.